लोगोतली आजी दुसऱ्याच्या बाटलीवर सापडली, आता काय करू?

भाजणीवाली (चिंचवड)

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

आमचा घरगुती व्यवसाय आहे. थालीपीठ भाजणी, मेतकूट, जवसाची आणि कारळ्याची चटणी. हात सासूबाईंचा, हिशेब माझा, आणि रविवारची डिलिव्हरी नवऱ्याच्या गळ्यात. सहा वर्षं झाली. सुरुवात सोसायटीतल्या ओळखीवर झाली, आता चार किराणा दुकानं घेतात आणि महिन्याला दीडेकशे किलो भाजणी जाते. थोडी दुबई-अमेरिकेलाही जाते, लोकांच्या बॅगांतून. नाव इथे लिहीत नाही, नाहीतर म्हणाल जाहिरात करायला आली.

तीन वर्षांपूर्वी लेबल छापायचं म्हणून एका डीटीपीवाल्याकडून लोगो करून घेतला. गोल चौकट, त्यात कार्टून आजी. नऊवारी, चंद्रकोर, पांढरा अंबाडा, लिंबाएवढी नथ, उजव्या हातात पळी. समोरच्या दोन दातांत छोटी फट. पंधराशे रुपये दिले. सगळ्यांना आवडला. एक गिऱ्हाईक तर म्हणालं, "अगदी तुमच्या सासूबाई!" सासूबाईंनी तेव्हाच नाक मुरडलं होतं, पण त्यांचं कोण ऐकतं.

परवा एका जत्रेत स्टॉल होता. दुपारची अडीचची वेळ, चिटपाखरू नाही, म्हणून पाय मोकळे करायला निघाले. आमच्यापासून पाचवा स्टॉल कोकम सरबत आणि आगळाचा. बाटलीवर आमची आजी! आधी वाटलं उन्हामुळे होतंय. बाटली हातात घेऊन बघितलं तर फरक एकच, त्यांचं चित्र आरशात दिसावं तसं उलटं केलेलं. त्यामुळे त्यांच्या आजीची नथ उजव्या नाकपुडीत, पदर उजव्या खांद्यावर आणि बिचारी डावखुरी. बाकी दातांच्या फटीसकट तीच.

भांडायला गेले असते, पण ती बाई माझ्याहून जास्त गोंधळली. तिला भाच्याने करून दिलाय. आम्ही दोघी एकमेकींचा माल हातात धरून नुसत्या उभ्या. शेवटी तिने मला सरबत पाजलं, मी तिला मेतकुटाची पुडी दिली, नंबर घेतले आणि आपापल्या जागी आलो. डीटीपीवाल्याला फोन केला तर म्हणतो, "ताई, नेटवरूनच घेतात हो सगळे. मी नथीचा रंग बदलला होता की."

आता घाई अशी आहे की स्टिकर बंद करून छापील पाऊच करायचे ठरलेत. पाऊचवाला म्हणतो या चित्राला सहा रंग लागतील, सहा रंगांचे सहा सिलिंडर (छपाईचे कोरीव रूळ), सिलिंडरचे पैसे आधी. एकदा सिलिंडर झाले की बदल नाही. म्हणजे जे काय ठरवायचं ते याच महिन्यात.

नवरा म्हणतो चित्रच नको, नुसती अक्षरं. मुलगा (अकरावी) म्हणतो मॅस्कॉट, म्हणजे ओळखीचं कार्टून पात्र, पाहिजेच, आणि मोबाईलवर एआयने पाच मिनिटांत नवी आजी काढून देतो. पाच काढल्या पण, पाचही जणी वेगवेगळ्या घरच्या. सासूबाईंचं मत: "त्या बाईचा नि माझा काय संबंध?"

तर, (१) तीच आजी ठेवावी का, आम्ही आधीपासून वापरतोय म्हणून? (२) व्यवसायाच्या लोगोत कार्टून असावं की नसावं? (३) नवं काढून घेतलं तर परत असं होऊ नये म्हणून काय करायचं?

कट्टेकरी

ताई, वाचून आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मोजणी करून आलो. लोणचं, गोडा मसाला, कुरडया, पुरणपोळी, शेंगदाणा चटणी. एकूण चार आज्या, दोन काकू आणि एक मिशीवाले आजोबा. सगळ्यांचे गाल सारखे गुलाबी. एवढ्या आज्यांना नातवंडं कुठून आणायची हाच प्रश्न आहे.

बाकी उत्तर माहीत नाही, पण धागा वाचतोय.

गाडीवाला

आमच्या वडापावच्या गाडीवर छोटा भीम आहे, हातात लाडूऐवजी वडापाव. पेंटरने एका दुपारी काढून दिला. शाळा सुटली की पोरं थेट भीमाकडे. पाच वर्षांत कुणी काही बोललं नाही. उगाच टेन्शन घेताय ताई.

रंगपेटी (कोल्हापूर)

ताई, मी जी. डी. आर्ट कमर्शिअल केलं तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. पहिली पंधरा वर्षं पाट्या, भिंती आणि ट्रकची फाळकी रंगवली, मग कॉम्प्युटरवर चित्रं काढायचं कोरल शिकलो. आता नजर कमी झाली म्हणून कामापेक्षा सल्ले जास्त देतो. तेव्हा प्रतिसाद मोठा झाला तर सांभाळून घ्या.

तुमचा घोळ झालाय तो दोन वेगळी कामं एकाच चित्राच्या गळ्यात बांधल्यामुळे. लोगो ही दुकानाची सही. चेक असो की पाटी, सही एकसारखीच व्हायला पाहिजे. मॅस्कॉट हा कामावर ठेवलेला माणूस. त्याला दिवाळीला आकाशकंदील द्यायचा, पावसाळ्यात छत्री द्यायची, दर पुडीवर वेगळं काम सांगायचं. सहीला छत्री देता येत नाही आणि माणसाला गोल चौकटीत कोंडलं की तो नुसता हसत बसतो.

एअर इंडियाचा महाराजा बघा. १९४६ साली कंपनीच्याच बॉबी कूका यांच्या डोक्यातून निघाला आणि मुंबईत जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात संस्थेत काम करणाऱ्या उमेश राव यांनी काढला. सुरुवातीला विमानात प्रवाशांना लिहायला देतात त्या कागदापुरताच होता. कंपनीची खूण वेगळी होती, धनुर्धारी. मग उडता हंस आला, २०२३ मध्ये आणखी नवी खूण आली. या सगळ्यात महाराजा आपला टोकियोच्या जाहिरातीत सुमो पैलवान होऊन बसलाय, कुठे रस्त्यावर चित्रं काढतोय. खूण बदलली म्हणून त्याची नोकरी गेली नाही.

उलटं उदाहरण गट्टूचं. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी काढलेला पोरगा, कपाळावर झुलपं, हातात ब्रश आणि रंगाचा डबा. त्याचं नाव ठेवायला लोकांकडून सूचना मागवल्या होत्या, ५०० रुपये बक्षीस लावून. चाळीसहून जास्त वर्षं त्याने डबे विकले. मग कंपनीला वेगळं दिसायचं होतं तेव्हा गट्टूला घरी बसवलं. माझ्यासारख्यांना वाईट वाटलं, मी त्याला किती दुकानांच्या शटरवर रंगवलाय त्याचा हिशेब नाही. पण कंपनीचं नाव जागेवर होतं, धंदा अडला नाही. तुमच्याकडे उद्या आजी काढून टाकायची वेळ आली (आलीच आहे), तर मागे काय उरतं? एक रिकामा गोल.

आता चित्र कसं असावं. अमूलची मुलगी १९६६ ची. जाहिरात सिल्व्हेस्टर दाकुन्हा यांची, मुलगी काढली युस्टेस फर्नांडिस यांनी. तेव्हा होर्डिंग हाताने रंगवायची आणि सारखी बदलायची, म्हणून चित्र पेंटरला झटपट जमेल असंच पाहिजे होतं. ठिपक्यांचा फ्रॉक, निळे केस, रिबीन, संपलं. तिचं नाक कधी बघितलंय का? आज जाऊन बघा. नाहीच.

आणि तुमच्या आजीच्या अंगावर मात्र गालाला गुलाबी सावली, नऊवारीला काठ, काठाला बुट्टे, नथीला प्रत्येक मोत्याची चमक. हे सगळं स्क्रीनवर छान दिसतं. एक काम करा. लोगो एका रंगात, रुपयाच्या नाण्याएवढा छापून घ्या आणि भिंतीला चिकटवून चार पावलं मागं या. नाहीतर सरळ त्याचा रबर स्टॅम्प करायला टाका. मी पैजेवर सांगतो, नथ आणि तोंड एक होऊन आजीला मिशी फुटलेली दिसेल.

माझ्या एका चिवडेवाल्याची गोष्ट. त्याने हौसेने पोपट काढून घेतला होता, चोचीत मिरची, पिसाला पिसाचा रंग. फ्लेक्सवर झकास. मग पोरांना टोप्या करायच्या ठरल्या. एम्ब्रॉयडरीवाल्याने जेवढे रंग होते तेवढे दोरे काही घेतले नाहीत, तीनात बसवलं. पोपटाची भेंडी झाली. दोनशे टोप्या. अजून त्याच्या गोडाऊनमध्ये आहेत, गणपतीच्या वर्गणीला पोरं घालून जातात.

मुलाच्या एआयवाल्या आज्यांबद्दल: त्याचं कौतुक करा, पण सध्या कामाला लावू नका. पाच काढल्या तर पाच वेगळ्या आल्या असं तुम्हीच लिहिलंय. मॅस्कॉटचं सगळं मोल तो प्रत्येक वेळी तोच दिसण्यात आहे. आम्ही आधी मॉडेल शीट करतो: समोरून, बाजूने, पाठमोरा, हसताना, चिडलेला, शरीर डोक्याच्या किती पट ते मोजून. पुढे दुसरा कुणी काढायला बसला तरी त्या कागदावरून तोच माणूस उभा राहिला पाहिजे.

शेवटचं एक विचारतो. सासूबाई भाजणी भाजायला बसतात तेव्हा नेमक्या कशा दिसतात? फोटो नको. लिहून सांगा.

वर्ग तीस (ठाणे)

मी ट्रेडमार्क एजंटच्या ऑफिसात कारकुनी करतो, वकील नाही. कागद रोज बघतो तेवढ्यावरून लिहितो.

पहिला प्रश्न आधी. ती आजी तुमची पण नाही आणि कोकमवालीची पण नाही. चित्र ज्याने काढलं त्याचं. नेटवर तयार चित्रं देणाऱ्या बहुतेक स्टॉक साइटच्या साध्या लायसन्समध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की चित्र लोगो किंवा ट्रेडमार्क म्हणून वापरू नये. पैसे भरून उतरवलं असेल तरीही. तुमच्या माणसाने भरले असतील असं त्याच्या बोलण्यावरून वाटत नाही. "आम्ही आधीपासून वापरतोय" याला ट्रेडमार्कात खरंच किंमत आहे, म्हणून जुनी बिलं आणि जुनी लेबलं तारखेसकट जपून ठेवा. पण ती किंमत तुमच्या नावाला मिळेल. ढापलेल्या चित्राच्या जोरावर कोकमवालीला थांबवायला जाल तर उद्या तिसराच माणूस दोघींच्या दारात येईल.

तिसऱ्या प्रश्नात लोक हमखास फसतात, तिथे जरा थांबतो. चित्रकाराला पैसे दिले म्हणजे चित्र आपलं झालं असं सगळे समजतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ म्हणतं, हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी पाहिजे आणि सही पाहिजे. आता गंमत बघा. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमचा माल दुबई-अमेरिकेला जातो म्हणालात ना? मग "सर्व प्रकारचा वापर, संपूर्ण जग, कॉपीराइटची संपूर्ण मुदत" हे शब्द कागदावर पाहिजेत. शिवाय एक वर्षात वापर केला नाही तर हक्क परत जातो अशीही तरतूद आहे, ती लागू नाही असं लिहून घ्या. एक पान पुरतं. रंगपेटी काका काढणार असतील तर काकांकडूनही घ्या, ओळख आहे म्हणून सोडू नका.

नोंदणीचं सांगतो. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग पाडलेत; भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या वर्ग ३० मध्ये. पुढे लोणची केलीत तर ती वर्ग २९, अर्जाचे पैसे वेगळे. व्यक्ती किंवा लघुउद्योग असाल तर ऑनलाइन अर्जाला एका वर्गाचे ४,५०० रुपये सरकारी फी, इतरांना ९,०००. एजंटची फी वेगळी. नोंदणी दहा वर्षांची, मग नूतनीकरण. पैसे एकाच अर्जापुरते असतील तर आधी नुसत्या नावाचा करा, चित्राचा नंतर. नाव नोंदलेलं असलं की चित्र शंभरदा बदला. चित्राचा अर्ज काळ्या-पांढऱ्यात करा, रंगाची मर्यादा घातली नसेल तर नोंदणी सगळ्या रंगांना लागू धरतात. अर्जाआधी शोध घ्यायचा. चित्रांना विषयाप्रमाणे व्हिएन्ना कोड असतात, त्याने म्हाताऱ्या बायकांची चित्रं एकत्र बघता येतात. मी एकदा बघितली होती. कट्टेकरींची मोजणी फारच कमी आहे.

अर्ज केला की नावापुढे बारीक "टीएम" लावता येतं. गोलातला "आर" मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावायचा नाही, तो गुन्हा आहे. अर्ध्या बाजारात लावलेला असतो, तरी.

गाडीवाले दादा, छोटा भीम हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा आहे, २००८ पासून. कुणी बोललं नाही याचं कारण गाडी एक आहे. फ्रँचायझी द्यायला निघालात की बोलतील. नाव थोडं फिरवून वापरू म्हणाल तर तेही चालत नाही. नव्वदच्या दशकात 'नागराज' कॉमिक्सवाल्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन दुसऱ्याचा 'नागेश' थांबवला होता.

आणि कुणी महाराजांचं चित्र सुचवण्याआधीच सांगतो. बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धचा १९५० चा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र दोन्ही आहेत. आमच्याकडे महिन्याला एक तरी मिसळवाला येतो.

गाडीवाला

मग मिकी माऊस? तो म्हणे फुकट झालाय.

वर्ग तीस (ठाणे)

१ जानेवारी २०२४ ला अमेरिकेत कॉपीराइटमधून सुटला तो १९२८ चा काळा-पांढरा मिकी. आजचा लाल चड्डीतला नाही. ट्रेडमार्क तर चालूच आहे. दादा, तुमचा वडा चांगला असेल तर वड्यालाच डोळे काढा ना.

गाडीवाला

वड्याला डोळे काढले तर खाणार कोण?

कट्टेकरी

हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

भाजणीवाली

सगळ्यांचे आभार. रबर स्टॅम्प खरंच करून बघितला. मिशी आली. काका, पैज जिंकलात.

आता सासूबाईंचं. काल मुद्दाम सकाळी सहाला उठून बघत बसले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट बघितलं असेन.

नऊवारी नाही, नथ नाही. अंगात मॅक्सी, डाव्या खांद्यावर जुना पंचा. चष्मा कपाळावर चढवलेला, कारण जवळचं त्यांना बिनचष्म्याचं दिसतं, आणि दोरीने गळ्यात अडकवलेला. लोखंडी कढई. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, बाजरी, ज्वारी, धणे, प्रत्येक वेगळं भाजायचं, एकत्र केलेलं त्यांना चालत नाही. पळी वगैरे काही हातात नसते, लाकडी उलथनं असतं आणि तेही बराच वेळ कढईतच उभं. पण खरी गंमत पुढे आहे. डाळीचा रंग बदलला की त्या एक दाणा उचलतात, या हातातून त्या हातात झेलत गार करतात, दाढेखाली ठेवतात आणि डोळे मिटतात. मग चावतात. मी विचारलं, चव बघता का? तर म्हणाल्या, "चव कसली, आवाज ऐकते. कट्ट झालं पाहिजे. कच्च झालं तर अजून दोन मिनिटं." तेवढ्या वेळात कुणी बोललेलं चालत नाही. मिक्सर लावला तर ओरडतात. आमचा कुकर या एका दाण्यासाठी थांबतो.

पण काका, मॅक्सीतली आजी पुडीवर कशी घालायची? लोक काय म्हणतील?

रंगपेटी (कोल्हापूर)

ताई, काम झालं. हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे नाही.

रेल्वेचा भोलू हत्ती आठवतो? २००२ सालचा, रेल्वेला दीडशे वर्षं होत आली तेव्हाचा, अहमदाबादच्या एनआयडीने केलेला. त्याच्या हातात गार्डचा हिरवा दिवा आहे. तो दिवा काढून घ्या, मागे नुसता हत्ती उरतो, सर्कशीचा म्हणा नाहीतर देवळातला. मिशेलिनचा टायरमाणूस १८९८ चा, त्याची कल्पनाच टायरांची चळत बघून सुचली. पांढरा का, तर तेव्हा टायर काळे नसायचे. त्याचं अंग मालातूनच आलंय. तुमच्या जुन्या आजीच्या हातातली पळी काढून बघा. ती लोणच्याची, कोकमाची, पापडाची, कुणाचीही झाली, आणि म्हणूनच तर झाली.

मी असं काढेन. मॅक्सीचा प्रश्नच येऊ देणार नाही, गळ्यापर्यंतच घ्यायचं. चेहरा थोडा तिरपा, डोळे मिटलेले म्हणजे दोन कमानी रेघा. कपाळावर चष्मा, दोन गोल. एक गाल फुगलेला. कानामागे हात, आवाज ऐकतोय तसा. खांद्यावर पंच्याची एक पट्टी. सात-आठ रेघांत बसतं, एका रंगात. सहा सिलिंडर नकोत, एक चित्राला, एक जमिनीच्या (म्हणजे मागच्या) रंगाला पुरे. ज्वारीच्या कणसाचा रंग घ्या जमिनीला.

आणि हे लोगोत घालायचं नाही. लोगो म्हणजे तुमचं नाव, देवनागरीत, हाताने काढलेलं. फॉन्ट नको. तुमच्या नावात 'ट' आहे का माहीत नाही, असला तर तो कढईसारखा काढता येतो, पण मोह आवरला तर बरं. आजी पुडीच्या खालच्या कोपऱ्यात. मागची बाजू मोकळी सोडा, तिथे घटक, वजन, बॅच, किंमत, एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) चौदा आकडी नंबर एवढं सगळं बसवायचंय. हिरव्या ठिपक्याचा चौकोन कुणाच्या तरी गालावर आलेला मी बघितलाय.

फाईल घेताना मूळ कोरलची घ्या, अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टची नाही तर रेघांची, केलेली. नुसता जेपीजी घेऊन घरी जाऊ नका.

भाजणीवाली

काकांनी स्केच पाठवलं. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेनने काढून, फोटो. नवऱ्याने बघितलं आणि काही न बोलता आईच्या खोलीकडे बघत राहिला.

सासूबाईंना दाखवलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग म्हणाल्या, "गाल इतका फुगत नाही माझा." मग, "नथ नाही ते बरं केलं. भाजताना नथ कोण घालतं?" मग पाच मिनिटांनी परत येऊन, "कान दाखवलाय ना, तर कुडी घाला. अगदीच लंकेची पार्वती वाटते." तर काका, तेवढी मोत्याची कुडी बसते का बघा, बारीकशी. आणि त्यांची लेखी संमतीही घेतलीय, सही मोडीत करते म्हणाल्या, मी देवनागरीतच करायला लावली.

वर्ग तीस, कागद तुमच्या शब्दांत टाइप केलाय. मुदत, जग, एक वर्षाचं कलम, सगळं. काकांनी हरकत घेतली नाही. फक्त मॉडेल शीटवर कोपऱ्यात त्यांचं नाव राहील असं म्हणाले, ते आम्हालाही आवडलं. नावाचा अर्ज सोमवारी टाकतोय.

कोकमवाल्या ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मी पण काढून टाकते आजी. त्यांच्याकडे सालं वाळवताना अंगणात कावळे येतात, हाकलून हाकलून वैताग येतो. मी म्हटलं, हे आमच्या काकांना सांगा.

रंगपेटी (कोल्हापूर)

कुडी बसवली, एक ठिपका पुरला. कोकमवाल्यांचा फोन आला होता, कावळा काढतोय.

फायनल करायच्या आधी एक राहिलं. चष्म्याची दोरी कसली आहे? काळी, की ती सोनेरी साखळी मिळते तसली? रेघेची जाडी त्यावर ठरेल.

भाजणीवाली

परकराची नाडी आहे. पांढरी. पण मी हे इथे लिहिलंय ते त्यांना कळता कामा नये.